भाडेकरू गेला, तर दार कोण ठोठावेल?

या आठवड्याचं पत्र कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या रिजायनाहून आलंय. लांबलचक होतं, थोडं कापून देतोय.

"आम्ही बारा वर्षं रिजायनात आहोत. मी केअर होममध्ये नर्स आहे, आमचे हे फर्नेस (घर गरम ठेवणारी यंत्रणा) आणि एसी बसवणाऱ्या कंपनीत टेक्निशियन. दोघंही आता कॅनेडियन नागरिक. घराचं बरंचसं कर्ज फिटलं, हाताशी दोन लाख डॉलर आहेत. दोन जागा पाहिल्यात. पहिली इथून दीड तासावरच्या गावात: तीन एकरांवर 9,600 चौरस फुटांची पत्र्याची शेड. आत डाळी साफ करून पोत्यांत आणि कंटेनरमध्ये भरणारा भाडेकरू आहे. किंमत 5,40,000 डॉलर. एजंट म्हणतो, नऊ टक्के कॅप रेट (म्हणजे खर्च वजा जाता वर्षाचं भाडं किमतीच्या नऊ टक्के), भाडं सुरूच आहे, बांधायला गेलात तर नऊ लाख लागतील. दुसरी रिजायनाच्याच इंडस्ट्रियल भागातली 2,000 फुटांची कॉन्डो बे, म्हणजे मोठ्या इमारतीतला मालकीचा गाळा, 4,60,000 ला. ह्यांचं म्हणणं, नोकरी सोडून तिथं स्वतःचं काम सुरू करू. माझा जीव पहिलीत अडकलाय, कारण ती घेतली की काही करावं लागत नाही. नाशिकचे मोठे दीर तीस लाख रुपये घालायला तयार आहेत. शेडला लागून वीस एकर शेतजमीनही विकायला आहे, ती त्यांच्या नावावर घेतली तर त्यांना इथं यायचा रस्ता मोकळा होईल, असं कुणीतरी सांगितलंय. काय करावं?
– पेचात पडलेली, रिजायना"

ताई, तुमच्या पत्रात "काही करावं लागत नाही" हे चार शब्द वाचले आणि मी कपाळाला हात लावला. कारण हेच वाक्य 2011 मध्ये मी माझ्या बायकोला म्हणालो होतो.

तेव्हा मी सस्काटूनला एका क्रेडिट युनियनमध्ये (सहकारी बँकेसारखी संस्था) व्यावसायिक कर्जं तपासायचं काम करायचो. दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जांत चुका काढायच्या आणि संध्याकाळी मित्राबरोबर बसून आपलं काय घ्यायचं ते शोधायचं. दोन तासांवरच्या एका गावात मेन स्ट्रीटवर दुमजली विटांची इमारत घेतली. खाली हार्डवेअरचं दुकान, वर दोन खोल्या. दर महिन्याला चेक यायचा. चौथ्या वर्षी दुकानदाराने निवृत्ती घेतली, मुलगा एडमंटनला, त्याला दुकानात रस नाही. जानेवारीत शेजारच्या कॅफेवाल्या बाईचा फोन आला, "तुमच्या दाराखालून पाणी येतंय आणि बाहेर येऊन गोठतंय." आम्ही पोचलो तेव्हा जिन्याच्या पायऱ्या दिसतच नव्हत्या, वरपासून खालपर्यंत एकसंध बर्फाची घसरगुंडी झाली होती. फर्नेस बंद पडला होता, वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला होता, आणि बाहेर उणे 34. विमा कंपनीने पॉलिसीतलं कलम दाखवलं: इमारत तीस दिवसांपेक्षा जास्त रिकामी असेल तर पाइप फुटल्याची भरपाई नाही. ते कलम मी कर्जदारांना शंभरदा वाचून दाखवलं असेल. ती इमारत विकायला आम्हाला पुढे तीन वर्षं लागली. नुकसान किती झालं ते बायकोला आजही नीट माहीत नाही, आणि तुम्ही सांगायला जाऊ नका.

म्हणून जागा पाहताना मी आता सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतो. हा भाडेकरू गेला, तर दुसऱ्या दिवशी दार कोण ठोठावेल? रिजायनातल्या बेसाठी मी तुम्हाला लगेच माणसं मोजून दाखवतो: प्लंबर, इलेक्ट्रिशियन, टाइल्सवाला, फूड ट्रकवाला, गाड्यांच्या काचा बसवणारा. त्या गावातल्या शेडसाठी एक तरी नाव सुचतंय का बघा.

सस्कॅचवान केवढं आहे हे आपण इथं राहूनही विसरतो. क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं, आणि सगळ्या प्रांताची लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत एकटं औरंगाबाद शहर जवळपास तेवढं होतं. प्रांतातले निम्मे लोक रिजायना आणि सस्काटून या दोन शहरांत आणि आजूबाजूला. बाकीच्या एवढ्या पसाऱ्यात गावं विखुरलेली, आणि त्यातल्या बऱ्याच गावांचा जीव एखाद्याच धंद्यावर टांगलेला. एके काळी तो धंदा म्हणजे धान्याचं लाकडी एलेव्हेटर, रेल्वेलगतचं उंच कोठार. 1930 च्या दशकात प्रेअरीवर, म्हणजे पश्चिम कॅनडाच्या सपाट गवताळ प्रदेशात, असे पाच हजारांहून जास्त एलेव्हेटर होते. ट्रक मोठे झाले, रेल्वेने आडमार्ग बंद केले, 1897 पासून चालत आलेला धान्याच्या स्वस्त मालभाड्याचा क्रो रेट 1995 मध्ये संपला, आणि शेतकरी चाळीस-पन्नास मैलांवरच्या काँक्रीटच्या अवाढव्य टर्मिनलला माल नेऊ लागला. हायवेवरून जाताना अशी गावं दिसतात: एक चर्च, एक बंद शाळा आणि झाडांच्या दोन ओळी.

तर "बांधायला नऊ लाख लागतील, इथं साडेपाचात मिळतेय" हे एजंटचं वाक्य उलटं वाचा. बांधायच्या खर्चापेक्षा कमी किमतीत जागा मिळते, याचा अर्थ त्या गावात नवीन बांधायला कुणी तयार नाही. बाजाराने आपलं मत आधीच नोंदवलंय.

आता ते नऊ टक्के. पत्रासोबत तुम्ही एजंटचा कागद जोडलाय, त्यावरून हिशोब असा: 9,600 फूट, फुटाला वर्षाला 6 डॉलर, म्हणजे 57,600 भाडं. त्यातून टॅक्स आणि विम्याचे 9,000 वजा करून उरले 48,600. भागिले 5,40,000, झाले नऊ टक्के. गणित बरोबर आहे, खर्च अर्धा लिहिलाय. हे भाडं ग्रॉस आहे, ट्रिपल नेट नाही. ट्रिपल नेट असतं तर टॅक्स, विमा, डागडुजी सगळं भाडेकरूने भरलं असतं. इथं यार्डातला बर्फ काढणं, वसंतात चिखल झाला की खडी टाकणं, दारांच्या स्प्रिंगा, हीटर, हे सगळं मालकाच्या डोक्यावर. त्याला वर्षाला 6,000 धरा. पत्रा आणि हीटर कधीतरी बदलायचेत म्हणून 4,000 बाजूला टाका. कधीतरी जागा रिकामी राहील म्हणून 5,000 सोडा. उरतात 33,600. म्हणजे सहा टक्क्यांच्या जरासे वर.

बँक अशा जागेला 35 टक्के तरी हातचे मागेल, 1,89,000. उरलेले 3,51,000 सात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी धरले तर हप्ता महिन्याला 2,720 च्या आसपास, वर्षाला साधारण 32,650. तुमच्या हातात 33,600. वर्षाकाठी हजारभर डॉलर उरतात, तेवढ्यात रिजायनातून तिथं जायच्या-यायच्या पेट्रोलचा खर्च निघेल. मी टेबलाच्या पलीकडे बसायचो तेव्हा हप्त्याच्या सव्वापट उत्पन्न दिसल्याशिवाय फाइल पुढे सरकवत नव्हतो. इथं ते प्रमाण 1.03 येतं. आणि भाडेकरू गेला तर हप्ता, टॅक्स, विमा, आणि पाइप गोठू नयेत एवढा गॅस धरून महिन्याला चार हजारांच्या पुढे तुमच्या पगारातून जातील. तुमच्या कागदात मला खटकलेली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र भाड्याची नाही, तारखेची आहे. लीजचे फक्त चौदा महिने उरलेत. नूतनीकरणाचा हक्क भाडेकरूला आहे, बंधन नाही. तुम्ही वीस वर्षांचं कर्ज घेताय चौदा महिन्यांच्या भरवशावर.

टॅक्सचा आकडा कोणत्या वर्षाच्या बिलातला आहे तेही विचारा. सस्कॅचवानमध्ये दर चार वर्षांनी सगळ्या मालमत्तांचं पुनर्मूल्यांकन होतं आणि 2025 हे तसंच वर्ष होतं. कागदावर जुनं बिल असेल तर हिशोब तिथंच बदलला.

भाडेकरूच्या धंद्याकडे येतो, कारण इथं तुमची-माझी जन्मभूमी मध्ये येते. तो काय साफ करतो हे तुम्ही लिहिलंय: मसूर आणि पिवळा वाटाणा. कॅनडातला बहुतेक मसूर आपल्याच प्रांतात पिकतो, आणि तो शिजतो मात्र आपल्या आई-मावश्यांच्या कुकरमध्ये. पिवळा वाटाणा डाळ होऊन, बेसनात मिसळून, कुठं कुठं जातो ते विचारू नका. गंमत अशी की या धंद्याचा हवामान खात्यापेक्षा मोठा शत्रू दिल्लीत बसतो. नोव्हेंबर 2017 मध्ये भारताने वाटाण्यावर 50 टक्के आयात शुल्क लावलं, डिसेंबरात मसूर आणि हरभऱ्यावर 30 टक्के. घोषणा झाली तेव्हा माल समुद्रात होता. मग डिसेंबर 2023 मध्ये पिवळ्या वाटाण्यावरचं शुल्क काढलं, आणि नोव्हेंबर 2025 पासून पुन्हा 30 टक्के लावलं. दरम्यान मार्च 2025 मध्ये चीनने कॅनडाच्या कॅनोला तेल, पेंड आणि वाटाण्यावर 100 टक्के कर ठोकला. भारताच्या शुल्काचं म्हणाल, तर दिल्लीच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही, लातूरच्या मंडीत तुरीला भाव मिळावा म्हणून त्यांना ते करावं लागतं. पण लातूरचा शेतकरी खूश झाला की सस्कॅचवानच्या गावातल्या तुमच्या शेडमधली चाळणी थांबते, हे लक्षात घ्या. मोठी कंपनी असा धक्का पचवते, चार प्रकारचं धान्य हाताळते. एका शेडमध्ये दोन डाळी साफ करणाऱ्याला दोन हंगाम वाईट गेले तर संपलं.

हा भाडेकरू किती भक्कम आहे हे थोडंफार तपासता येतं. शेतकऱ्याकडून धान्य विकत घेणाऱ्याला साधारणपणे विनिपेगच्या कॅनेडियन ग्रेन कमिशनचं लायसन्स लागतं, आणि लायसन्सधारकांची यादी सगळ्यांना पाहता येते. त्यात त्याचं नाव आहे का, की तो फक्त मजुरीवर दुसऱ्याचा माल साफ करतो? मशिनरी कुणाची, याचाही निकाल लावा. चाळण्या, एलेव्हेटर लेग (धान्य वर चढवणारं यंत्र), बाहेरचे स्टीलचे बिन्स (कोठ्या): एजंटने फोटोत सगळं दाखवलंय, पण बोल्टने बसवलेली वस्तू जागेबरोबर येतेच असं नाही. पर्सनल प्रॉपर्टी रजिस्ट्रीत, म्हणजे जंगम वस्तूंवरच्या कर्जांच्या नोंदवहीत, शोध घेतला तर त्यावर कोणत्या बँकेचं कर्ज आहे ते कळेल. रेल्वेची साइडिंग (माल चढवायचा रुळांचा फाटा) आहे असं लिहिलंय. तिचा करार रेल्वेशी वेगळा असतो, तो खरेदीखताबरोबर आपोआप तुमच्या नावावर येत नाही.

आणि एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: "आधी तिथं खतं आणि शेतीची औषधं ठेवायचे." ताई, ते वाक्य पत्राच्या सुरुवातीला यायला हवं होतं. तणनाशकांचे ड्रम जिथं वर्षानुवर्षं भरले-ओतले गेले, त्या जमिनीखाली काय मुरलंय ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी फेज वन एन्व्हायर्नमेंटल असेसमेंट करतात: जुने नकाशे, विमानातून काढलेले फोटो, रेकॉर्ड, प्रत्यक्ष पाहणी. खर्च काही हजार डॉलर. त्यात शंका निघाली की फेज टू, म्हणजे जमिनीत बोअर घेऊन माती आणि पाण्याचे नमुने, आणि मग खर्चाला धरबंध राहत नाही. बँक फेज वन मागेलच. पण विकणाऱ्याने काढून ठेवलेला जुना रिपोर्ट दाखवला तर त्यावर विसंबू नका. तो रिपोर्ट त्याच्यासाठी लिहिलेला आहे. उद्या काही निघालं तर ज्याने तो लिहिला तो तुम्हाला उत्तर द्यायला बांधील नाही. रिलायन्स लेटर, म्हणजे तुम्हालाही त्या रिपोर्टवर विसंबता येईल असं पत्र, मिळतं का ते वकिलाला विचारायला सांगा, नाहीतर स्वतःचा करून घ्या.

नाशिकच्या दीरांचं बोलू. मोठे भावजी पैसे द्यायला पुढे आले, हे नातं टिकवण्यासारखं आहे. म्हणूनच आधी सांगतो. इथं जागा घेतल्याने कुणालाही पीआर (कायम राहायचा परवाना) मिळत नाही, कधीच मिळत नव्हता. सस्कॅचवानच्या नॉमिनी प्रोग्रॅममध्ये (पीआरसाठी प्रांताने नाव सुचवायची योजना) उद्योजक आणि शेतमालक असे दोन मार्ग होते, तेही मार्च 2025 मध्ये कायमचे बंद झाले. ज्याने तुम्हाला हे सांगितलं त्याने जुनं काहीतरी ऐकलंय, किंवा त्याला त्यात कमिशन आहे. शेतजमिनीचं तर त्याहून सरळ आहे. सस्कॅचवान फार्म सिक्युरिटी ॲक्टप्रमाणे जो कॅनेडियन नागरिक किंवा पीआर नाही, त्याला प्रांतात सगळी मिळून दहा एकरांहून जास्त शेतजमीन ठेवता येत नाही. वीस एकर भावजींच्या नावावर होणार नाही. तुमच्या नावावर घेऊन आपसात कागद करू, ही सूचना कुणी केली तर तिथून उठा. आणि भावजी तुमच्या कंपनीत भागीदार झाले तर ती कंपनीही याच कचाट्यात सापडू शकते.

तीस लाखांचं: रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली भारतातला माणूस वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत पाठवू शकतो, तेव्हा रक्कम बसते. पण दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. म्हणजे वीस लाखांवर चार लाख आधी बाजूला ठेवावे लागतील. ते रिटर्न भरताना जमेस धरले जातात, पण तोवर अडकतात. पैसे भेट म्हणून येतात, उसने म्हणून की कंपनीतल्या शेअरसाठी, याप्रमाणे नियम बदलतात. नाशिकच्या सीएला विचारल्याशिवाय एक रुपया हलवायला सांगू नका. मला विचाराल तर सध्या त्यांना म्हणा, भावजी, पैसे तिथंच राहू द्या, लागले तर सांगतो. तीस लाख रुपयांचे इथं साधारण पंचेचाळीस ते पन्नास हजार डॉलर होतात. तेवढ्यासाठी घरातलं नातं हप्त्याला बांधायचं का, ते दोघांनी बसून ठरवा.

आता यजमानांची बे. इथं माझा कल आहे, पण तुम्ही समजता तसा नाही.

जागा पाहायला पुन्हा जा, आणि या वेळी यजमानांना चार फुटी लेव्हल (पातळी तपासायची पट्टी) न्यायला सांगा. एजंट म्हणाला ना, "जमिनीला भेगा सगळ्यांच्याच असतात"? खरं आहे ते. पण का असतात हे आपल्याकडच्या माणसाला लवकर कळायला हवं. रिजायना एका हिमयुगीन सरोवराच्या तळावर वसलंय, आणि खाली जी चिकणमाती आहे ती आपल्या काळ्या कपाशीच्या मातीची सख्खी बहीण. पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. परभणीकडे घराच्या भिंतीला दरवर्षी तीच भेग पडते, आजोबा दरवर्षी तीच भेग लिंपतात, तेच इथं इंजिनिअर करतात, फक्त बिल मोठं येतं. केसासारख्या भेगांना भिऊ नका. ओव्हरहेड दार बंद करून दिवे मालवा आणि खाली बघा. एका कोपऱ्यात उजेडाची पट्टी दिसली आणि दुसऱ्यात नाही, तर स्लॅब उचललाय. ऑफिसचं छोटं दार स्वतःहून उघडतं का, मेझनाइनच्या (पोटमाळ्याच्या) खांबाच्या पायाशी काँक्रीट फुगलंय का, भेगेच्या दोन्ही कडा एका पातळीत आहेत का, हे हाताने चाचपून बघा. गटाराच्या जाळीजवळ लेव्हल ठेवा. पाणी जाळीकडे जायला हवं, काही ठिकाणी ते उलटं वाहतं आणि मग वसंतात बर्फाळ गाड्या आत आल्या की तळं होतं.

कॉन्डो आहे म्हणजे छत आणि बाहेरच्या भिंती सगळ्यांच्या. तेव्हा कॉन्डो कॉर्पोरेशनचे, म्हणजे सगळ्या गाळेमालकांच्या संस्थेचे, मागच्या दोन वर्षांचे मीटिंगचे मिनिट्स मागवा आणि चहा घेत वाचा, कादंबरीपेक्षा रंजक असतात. छतासाठी किती साठलेत, कुणी कुणावर दावा लावलाय, गाड्या बाहेर उभ्या करण्यावरून किती भांडणं. यजमानांचा ट्रेलर रात्री बाहेर ठेवायला परवानगी नसेल तर ते या मिनिट्समध्येच कळेल. बायलॉजही वाचा, आणि महापालिकेत फोन करून त्या झोनमध्ये फर्नेसचं काम चालतं का ते लेखी घ्या.

खर्चाच्या बाजूने: किमतीवर 5 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 23,000. घेणारा जीएसटीला नोंदलेला असेल तर ते पैसे विकणाऱ्याला द्यावे लागत नाहीत, स्वतःच्या रिटर्नमध्येच दाखवून वळते करता येतात. मात्र नोंदणी ताबा घ्यायच्या आधी झालेली हवी, आणि ज्याच्या नावावर जागा त्याच्याच नावावर हवी. हे मागाहून सुचलेले लोक मी पाहिलेत, त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख वेगळंच असतं. आपल्या प्रांतात शेजारच्या मॅनिटोबासारखा जमीन हस्तांतरणाचा कर नाही, फक्त नोंदणीचं शुल्क. तुमची ती 5,40,000 ची शेड मॅनिटोबातल्या ब्रँडनच्या बाहेर असती तर साडेआठ हजारांच्या जवळपास तिथंच गेले असते. तेव्हा "मॅनिटोबातही बघू का" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर सध्या नको असं समजा, अंतर हेच कारण पुरे आहे.

आणि कर्जाचा एक दरवाजा असा आहे जो बेला उघडतो पण शेडला नाही. कॅनडा स्मॉल बिझनेस फायनान्सिंग प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या धंद्याला लागणाऱ्या जागेसाठी दहा लाखांपर्यंत कर्ज मिळतं, किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, आणि निम्म्याहून अधिक जागा स्वतः वापरायची असते. भाड्याने द्यायच्या जागेला ते नाही. भाड्याच्या उत्पन्नाला कंपनीत करही जड पडतो, कारण पाचांहून जास्त पूर्णवेळ माणसं कामाला नसतील तर ते गुंतवणुकीचं उत्पन्न धरलं जातं आणि छोट्या धंद्याचा कमी दर लागत नाही. नोकरी नको, धंदा नको, नुसतं भाडं हवं, अशा माणसाला इथली व्यवस्था फारसे लाड करत नाही.

इतकं सांगूनही बे लगेच घ्या असं मी म्हणणार नाही. यजमान उत्तम कारागीर असतील, पण अजून त्यांच्या नावावर एकही गिऱ्हाईक नाही. पहिल्या दोन हिवाळ्यांत कळेल की रात्री अकराला उणे 38 मध्ये फोन आला तर ते निघतात का, आणि बिल पाठवायला ते विसरतात का. कारागीर पहिलं काय विसरतो तर बिलं पाठवणं, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. अशा वेळी हातचे दोन लाख काँक्रीटमध्ये ओतायचे आणि मग व्हॅनसाठी, सामानासाठी क्रेडिट कार्ड वापरायचं, हे मी करू देणार नाही.

त्या मालकाला विचारा, दोन वर्षं भाड्याने देता का, आणि त्या मुदतीत ठरलेल्या किमतीला विकत घ्यायचा हक्क लेखी देता का. बे सात महिने बाजारात पडून असल्याचं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा तो ऐकेल. भाडं थोडं चढं मागितलं तरी द्या. तोवर यजमानांनी नोकरी एकदम न सोडता मालकाशी बोलून दिवस कमी करता येतात का पाहावं, पण आधी त्यांच्या नोकरीच्या करारात स्वतःचं काम करायला मनाई तर नाही ना, ते वाचून घ्यावं. तुमची नोकरी मात्र पक्की ठेवा. घरात एक पगार पहिल्या तारखेला येतो, यावर बँकही झोपते आणि आपणही.

शेडच्या एजंटला नकार कळवताना भाव पाडायच्या फंदात पडू नका. तो चार लाख ऐंशी म्हणेल आणि तुमचा जीव पुन्हा अडकेल. आणि मागच्या आठवड्यात सही करून पाठवायला दिलेला ऑफरचा कागद अजून तुमच्या पर्समध्ये आहे असं ताजा कलममध्ये लिहिलंत, तो आज रात्री फाडून टाका. त्यात फायनान्सिंगची अट घातलेली आहे, पण जमिनीच्या तपासणीची नाही. तुम्ही पाठवलेली प्रत मी दोनदा वाचली.